लेझी लोडिंगला 'विलंबित' म्हणायचं का 'मागणीनुसार'?

प्रश्न: सोलापुरात पोरांना अँग्युलर (वेब ॲप बनवायचं फ्रेमवर्क) शिकवायलोय, सगळं मराठीतून. 'लेझी राउट'ला (ज्या पानाची फाइल ते पान उघडल्यावरच येते) 'आळशी' म्हणवत नाही म्हणून नोट्समध्ये 'विलंबित लोडिंग' लिहिलंय, पण टेस्ट (कोड तपासणारा कोड) लिहिताना पोरं हमखास सेटटाइमआउट टाकून दोन सेकंद थांबायलेत. शब्द चुकतोय का?

उत्तर: होय सर, मला तरी तसंच वाटतं. विलंब म्हटलं की मनात घड्याळच येतं, आणि इथं उशिराचा संबंधच नाही, त्या पत्त्यावर कुणी गेलं की फाइल मागवली जाते एवढंच. आपल्याकडं कडक भाकरी आधीच करून चळत लावून ठेवतात आणि गरम भाकरी ताटावर बसल्यावर तव्यावर पडते, तसं आहे हे, म्हणून 'मागणीनुसार' म्हणा. मग टेस्ट पण सरळ होते, मागणी करायची आणि ती पुरी होईस्तोवर अवेट करायचं, म्हणजे कोडला तिथंच थांबवायचं. अँग्युलर १५.२ पासून राउटरटेस्टिंगहार्नेस हे राउट तपासायचं साधन आहे, त्याच्या पत्त्यावर नेणाऱ्या नेव्हिगेटबाययूआरएलला अवेट लावलं की फाइल येऊन पान उभं राहिल्यावरच पुढची ओळ चालते. सेकंद मोजत बसलं तर आपल्या लॅपटॉपवर पास आणि सर्व्हरवर कधी पास कधी फेल.

दुसरं उत्तर: रिॲक्ट या दुसऱ्या लायब्ररीमध्ये पण तेच. रिॲक्ट.लेझी २०१८ ला १६.६ मध्ये आलं, तिथं टेस्टमध्ये लगेच एकदाच शोधणारं गेटबायटेक्स्ट वापरलं तर सस्पेन्सचं (फाइल येईपर्यंत दिसणारं) 'लोड होत आहे'च सापडतं, फाइंडबायटेक्स्ट पाहिजे, ते ठरवून न दिल्यास १००० मिलिसेकंदापर्यंत परत परत बघतं आणि दिसलं की लगेच पुढं जातं. पण 'मागणीनुसार'ला एक अडचण आहे, अँग्युलरमध्ये प्रीलोडऑलमॉड्यूल्स ही सेटिंग लावली की ॲप सुरू झाल्यावर फायली कुणी न मागता मागच्या मागं येतात, मग काय म्हणायचं?

उत्तर: त्याला 'आगाऊ लोडिंग' म्हणा, वेगळाच शब्द ठेवा. पोरांना अजून एक नक्की दाखवा सर, एखाद्यानं तेच कंपोनंट (पानाचा तुकडा) सुरुवातीलाच लोड होणाऱ्या दुसऱ्या फाइलीत वर साधं इंपोर्ट केलं तर ते मुख्य बंडलमध्येच (ॲप उघडताना येणाऱ्या फाइलीत) जातं, मागणीबिगणी काही उरत नाही, आणि ती अवेटची टेस्ट तरी हिरवीच (पासच) राहते. ते पकडायचं तर प्रॉडक्शन बिल्ड (लोकांना द्यायची तयार आवृत्ती) करून ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये लिंक दाबल्यावर नवीन फाइल येते का ते बघायचं, नाहीतर प्लेराइट या ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या साधनातून तीच रिक्वेस्ट तपासायची.

प्रश्नकर्ता: नोट्समध्ये 'मागणीनुसार' करतो. नेटवर्क टॅबचं उद्याच्या तासाला घेतो, त्यांच्याच प्रोजेक्टवर.