‘चालत नाही’, ‘सोडलंय’ की ‘खात नाही’?

प्रश्न:
ऑफिसात शेजारी बसणाऱ्या मॅडमनी परवा पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. मी म्हटलं, “मला चालत नाही.” त्या घाबरल्याच, “अगं, या वयात डायबेटिस?” मग सांगितलं, व्हीगन आहे. “म्हणजे जैन?” शेवटी मांस, अंडी, दूध, तूप, मध अशी यादीच वाचली. मराठीत एक नेमका शब्द नाही का? ‘निरामिष’ कसा वाटतो?

उत्तर:
निरामिष नको. आज आमिष म्हटलं की प्रलोभन आठवतं, पण त्याचा एक जुना अर्थ मांस. म्हणजे पेढा निरामिषच! ‘शुद्ध शाकाहारी’ची पाटी लावलेल्या हॉटेलात पनीर नि तूप असतंच. शिवाय ‘शुद्ध’ म्हटलं की समोरच्याचा डबा आपोआप अशुद्ध ठरतो. रोज शेजारी बसून जेवणाऱ्या माणसाशी बोलताना तो शब्द मला अजिबात नको वाटतो.

‘वनस्पत्याहारी’ अर्थाला चोख आहे, पण डबा उघडताना कोण म्हणेल? ‘व्हीगन’च राहू दे. तोही घडवलेलाच शब्द आहे: १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘व्हेजिटेरियन’ची सुरुवात आणि शेवट जोडून केलेला. आपल्याकडे हिरवा ठिपका दुधाच्या मिठाईवरही असतो. व्हीगन पदार्थांसाठी एफएसएसएआयचे (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) वेगळे नियम आले ते २०२२ मध्ये.

दुसरं उत्तर:
मला वाटतं, घोळ क्रियापदाने केलाय. ‘चालत नाही’ म्हटलं की ऐकणारा पथ्य, उपास नाहीतर घरची रीत शोधतो. मॅडमनी डायबेटिस काढला यात त्यांची काही चूक नाही. ‘सोडलंय’ म्हणालात तर काशीला जाऊन आवडीचा पदार्थ सोडतात तसं व्रत वाटेल. ‘खात नाही’ मात्र सरळ तुमचा निर्णय सांगतं.

माळकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ दिसली की त्याला मटणाचा आग्रह कुणी करत नाही. तुमच्याकडे तशी खूण नाही, तेव्हा ‘ही’ या अव्ययाला कामाला लावा: “मांस-मच्छी नाहीच, दूध-तूपही खात नाही.” त्या एका ‘ही’त शाकाहाराच्या पुढची पायरी येते.

प्रश्नकर्ती:
काल तसंच म्हटलं, आणि जोडलं, “गाई-म्हशींकडून काही घ्यावंसं वाटत नाही.” मॅडम जरा थांबल्या. मग म्हणाल्या, “आणि सोलकढी? तिच्यात नारळाचं दूध असतं की!” मी म्हटलं, “ती चालते.” होकारात ‘चालते’ अगदी सहज आलं तोंडात, आणि कुणी कारण विचारलं नाही.

आज त्यांनी डब्याच्या झाकणात दाण्याचे दोन लाडू ठेवले. “नुसते दाणे-गूळ कुटून केलेत, तुपाचा थेंब नाही. खातेस ना?”