गाजर, आंबा आणि फोडणीचं तेल
आंब्यात गाजरापेक्षा जास्त व्हिटॅमिन ए असतं असं एका पोस्टमध्ये वाचलं, ते अजिबात पटलं नाही. 100 ग्रॅम कच्च्या गाजरात साधारण 835 मायक्रोग्रॅम, तेवढ्याच आंब्यात 54 च्या आसपास, कुठे काय! सी मात्र आंब्यात भरपूर, 36 मिलिग्रॅम, गाजरात जेमतेम 6.

पण गाजर-आंब्यातलं कॅरोटीन, म्हणजे ज्या केशरी रंगद्रव्यापासून शरीरात व्हिटॅमिन ए बनतं, ते तेलातुपात विरघळतं हे तिथे कोणी लिहिलंच नाही, नुसतं कच्चं गाजर खाल्लं तर त्यातलं बरंचसं अंगी लागत नाही, शिजवलेलं जास्त लागतं. आमरसात आई चमचाभर तूप सोडायची ते किती बरोबर होतं! मी लेकीच्या डब्यात गाजराच्या काड्या द्यायचे, आता किसून मोहरी-हिंगाच्या फोडणीत परतून देते. कढईच्या कडेला तेल केशरी झालेलं दिसतं ना, तेच कॅरोटीन.