मदत हवी आहे : लास व्हेगसमध्ये लॉन काढायचंय, झाड कसं वाचवू?

नमस्कार मंडळी. नेवाडात, लास व्हेगसजवळ आमचं घर आहे. पुढच्या अंगणात लॉन आणि मधोमध जुनं अ‍ॅशचं झाड. लॉन काढण्यावरून घरात दोन तट पडलेत.

इथले नियम कडक. रविवारी स्प्रिंकलर बंद, हिवाळ्यात आठवड्यातून एकच दिवस पाणी, उन्हाळ्यात सकाळी ११ ते संध्याकाळी ७ मनाई. पाणी रस्त्यावर वाहिलं की दंड. आमच्याकडे उतार आहे, त्यामुळे स्प्रिंकलर सुरू झाला की थोड्याच वेळात फुटपाथ ओला. २०२१ च्या कायद्याने २०२७ पासून नुसत्या शोभेच्या हिरवळीला कोलोरॅडो नदीचं पाणी बंद होणार, पण स्वतंत्र घरं त्यातून वगळलीत. म्हणून नवरोबा म्हणतात, "सक्ती नाही ना, मग कशाला?" माझं म्हणणं, घरातलं सांडपाणी शुद्ध होऊन परत लेक मीडमध्ये (इथे पाणी पुरवणाऱ्या जलाशयात) जातं, लॉनवर ओतलेलं गेलं ते गेलंच.

पण लॉन काढल्यावर मोठी झाडं वाळल्याच्या तक्रारीही इथे आहेत, आणि मला त्या खोट्या वाटत नाहीत. मुळांना वर्षानुवर्षं लॉनच्याच पाण्याची सवय.

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा : ड्रिप खोडापासून किती लांब फिरवलंत? आधी ड्रिप सुरू करून मग हळूहळू लॉन काढलंत, की एकदम? लॉनच्या जागी टाकलेल्या खडीमुळे घर जास्त तापतं का? आणि त्या उन्हात कुणाचा मोगरा तगलाय का? (कढीपत्ता कुंडीतच राहणार, त्यावर चर्चा नको.)