कराओकेत ‘शिरितोरी’ खेळण्यासाठी जपानी गाणी कशी निवडावीत?

निशिकासाईकर

नमस्कार. मी तोक्योत नोकरी करतो. आमच्या विभागाच्या वर्षअखेरच्या बोनेन्काईनंतर (मेजवानीनंतर) बहुतेक जण निजिकाईसाठी, म्हणजे मेजवानीच्या दुसऱ्या फेरीसाठी, कराओकेला जातात. या वेळी तेथे गाण्यांची शिरितोरी खेळायचे ठरले आहे. एकाचे गाणे झाले की त्याच्या नावाचे शेवटचे अक्षर घ्यायचे आणि त्या अक्षराने सुरू होणाऱ्या नावाचे गाणे पुढच्याने म्हणायचे. ज्याच्या गाण्याचे नाव पाय मोडलेल्या ‘न्’वर संपेल तो बाद. गाण्याच्या भेंड्या आपल्यापैकी बहुतेकांच्या अंगवळणी पडलेल्या असतात, परंतु येथे आधार गाण्याच्या ओळींचा नसून नावाचा आहे, आणि मला येणाऱ्या जपानी गाण्यांची नावे बहुधा एकाच अक्षरावर येऊन अडतात.

मला हिरागाना-काताकाना ही जपानी उच्चारदर्शक अक्षरे सहज वाचता येतात, कांजी (चिनीतून आलेली चिन्हे) बेताचीच येते. मंडळींमध्ये विशीतले सहकारी आहेत, तसेच निवृत्तीला आलेले वरिष्ठही आहेत. कोणती गाणी तयार ठेवावीत, अवघड अक्षरांचे काय करावे आणि नियमांतल्या कोणत्या गोष्टी आधी ठरवून घ्याव्यात, याबद्दल जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

पुणेरी_सेन्सेई

मी पुण्यात जपानी शिकवते आणि वर्गात शब्दांची शिरितोरी नेहमी खेळवते, त्यामुळे आधी अक्षरांविषयी लिहिते. आपल्या भेंड्यांत ‘की’वर ओळ संपली तरी ‘क’पासूनचे कोणतेही गाणे चालते. जपानीत तसे नाही. तेथे ‘का’, ‘कि’, ‘कु’ ही स्वतंत्र अक्षरे असल्यामुळे ‘कि’ आले की ‘कि’नेच सुरुवात करावी लागते. शिवाय नाव ऐकू कसे येते यापेक्षा हिरागानात लिहिले कसे जाते, याला महत्त्व आहे. क्यू साकामोतो यांचे १९६१ सालचे ‘उए ओ मुइते आरुको’ घ्या. १९६३ मध्ये ते ‘सुकियाकी’ या नावाने अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले होते आणि आजही कोणत्याही वयाचा जपानी माणूस ते ओळखतो. देवनागरीत नाव लिहिले तर शेवटी ‘को’ दिसतो, परंतु हिरागानात त्या दीर्घ ‘ओ’साठी शेवटी ‘उ’ लिहितात. म्हणून पुढचे गाणे ‘उ’चे हवे. ‘नादा सोसो’ आणि ‘रोप्पोंगी शिंजू’ यांचेही तेच होते. आपली यादी देवनागरीत लिहून ठेवली असेल, तर प्रत्येक नावापुढे शेवटचे हिरागाना अक्षर आवर्जून लिहा.

‘उ’वर संपणारी नावे अशी बरीच असल्यामुळे ‘उ’ची गाणी हाताशी हवीतच. आदोचे २०२० सालचे ‘उस्सेवा’ तरुणांना तोंडपाठ असते, पण ते ओरडून म्हणायचे गाणे आहे. ‘ड्रीम्स कम ट्रू’चे ‘उरेशी! तानोशी! दाइसुकी!’ (१९८९) त्या मानाने सोपे आहे. इसाओ सासाकी यांचे ‘उचू सेनकान यामातो’ (१९७४) वरिष्ठांना फार आवडेल.

आता पाय मोडक्या ‘न्’विषयी. भेंड्यांत ‘ण’ आला तर आपण ‘न’ घेतो आणि ‘ळ’ आला तर ‘ल’. येथे अशी सवलत नसते, कारण ‘न्’ने सुरू होणारा शब्दच जपानीत नाही. धोका असा की अतिशय लोकप्रिय गाणीच या सापळ्यात सापडतात. केन्शी योनेझु यांचे ‘लेमन’ (२०१८) जपानी वाचनात ‘रेमोन्’ होते. ‘स्पिट्झ’चे ‘रोबिन्सोन्’ (१९९५) आणि साकी कुबोता यांचे ‘इहोजिन्’ (१९७९) यांचीही तीच गत. मला सर्वांत फसवे वाटते ते युमी आराई यांचे ‘रूजु नो देंगोन्’ (१९७५), कारण ते ‘रु’ने सुरू होते आणि ‘रु’वर अडलेला माणूस सुटकेच्या आनंदात शेवटाकडे पाहत नाही.

नियमांपैकी तीन गोष्टी आधी ठरवून घ्या. ‘इतोशि नो एरी’सारखे नाव लांबीच्या रेघेवर (दीर्घ स्वर दाखवणाऱ्या आडव्या रेघेवर) संपले, तर पुढे ‘रि’ घ्यायचा की ‘इ’? ‘तोकि ओ काकेरु शोजो’मध्ये शेवटी लहान आकारात लिहिलेला जोडाक्षरातला ‘यो’ येतो. तो पूर्ण ‘यो’ धरायचा का? आणि ‘गुरेंगे’नंतर ‘गे’च हवा, की ‘के’ चालेल? या तिन्हींची उत्तरे प्रत्येक मंडळी आपापल्या सोयीने देतात, म्हणूनच ती पहिल्या गाण्याआधी मिळालेली बरी.

ओसाकावासी

सेन्सेईंनी ‘रु’चा उल्लेख केला, तेव्हा त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण या खेळातली खरी चुरस तेथेच असते. अस्सल जपानी शब्द ‘र’च्या ओळीतल्या अक्षरांनी सुरू होत नाहीत, असे शब्द बहुतांशी चिनीतून किंवा पाश्चात्त्य भाषांतून आलेले आहेत. उलट क्रियापदांच्या मूळ रूपांपैकी कितीतरी ‘रु’वर संपतात. त्यामुळे ‘रु’वर संपणारी नावे भरपूर आणि ‘रु’ने सुरू होणारी थोडी, अशी विषम स्थिती आहे. ‘योआसोबी’ची ‘योरु नि काकेरु’ (२०१९) आणि ‘आइदोरु’ (२०२३) ही दोन्ही गाणी ‘रु’वर संपतात आणि विशीतले कोणीतरी त्यांपैकी एक लावणारच, हे गृहीत धरा.

त्यावर उत्तर म्हणून आकिरा तेराओ यांचे ‘रुबी नो युबिवा’ (१९८१) पक्के करा. त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कार त्याला मिळाला होता. त्याची पट्टी खालची आहे आणि ते जवळजवळ बोलल्यासारखे म्हणता येते, त्यामुळे गळा तयार नसणाऱ्यालाही ते शोभते. दुसरे म्हणून ‘एशियन कुंग-फू जनरेशन’चे ‘लूप अँड लूप’ (२००४) ठेवा; जपानी वाचनात त्यातल्या ‘लू’चा ‘रू’ होतो. ‘रा’साठी काझुमासा ओदा यांचे ‘राबु सुतोरी वा तोत्सुझेन नि’ (१९९१), ‘रि’साठी ‘ब्ल्यू हार्ट्स’चे ‘रिंदा रिंदा’ (१९८७) आणि ‘रो’साठी अ‍ॅन लुईस यांचे ‘रोप्पोंगी शिंजू’ (१९८४) पुरेशी आहेत. ‘रे’साठी हिदेआकी तोकुनागा यांचे ‘रेइनी बुरू’ (१९८६) सुंदर आहे, मात्र लांबीची रेघ सोडली, तर ते पुन्हा ‘रु’वरच संपते.

साखळी प्रत्यक्षात कशी चालते ते पाहा. ‘स्मॅप’चे ‘सेकाई नि हितोत्सु दाके नो हाना’ ‘ना’वर संपते, म्हणून इरुका यांचे ‘नागोरियुकि’ येते. त्याच्या ‘कि’वर ‘ग्रीन’ गटाचे ‘किसेकि’, आणि ते पुन्हा ‘कि’वरच संपत असल्यामुळे आकिरा फुसे यांचे ‘किमि वा बारा योरि उत्सुकुशी’. आता ‘इ’ आला, म्हणून मियुकी नाकाजिमा यांचे ‘इतो’. ‘तो’वर मायो शोनो यांचे ‘तोंदे इस्तानबूरु’. ‘रु’वर आपले राखून ठेवलेले ‘रुबी नो युबिवा’. ‘वा’वर ‘आंझेन चिताई’चे ‘वाइन रेद्दो नो कोकोरो’. ‘रो’वर ‘रोप्पोंगी शिंजू’ आणि तिथल्या ‘उ’वर ‘उए ओ मुइते आरुको’. ‘किसेकि’सारखी गाणी मुद्दाम राखून ठेवण्याजोगी आहेत, कारण आलेले अक्षर ती जसेच्या तसे पुढच्याच्या हाती देतात.

निशिकासाईकर

आपणा दोघांचे मनापासून आभार; ‘रु’ची अडचण का येते हे आता नीट उमगले. आणखी एक शंका आहे. खोलीतल्या ‘देनमोकु’वर (गाणी शोधून लावायच्या यंत्रावर) अक्षर टाकले की गाण्यांची यादी येतेच, मग एवढी तयारी खरोखर लागते का? आणि वरिष्ठांवर मुद्दाम ‘रु’ टाकणे शिष्टाचाराला धरून आहे का?

सुमिदाकाठी

यादी येते हे खरे, परंतु एका अक्षराखाली इतकी गाणी असतात की त्यांतून आपल्याला म्हणता येईल असे गाणे शोधेपर्यंत खोलीतले सगळे ताटकळतात. म्हणून ‘देनमोकु’चा उपयोग शोधण्यापेक्षा खात्री करण्यासाठी करावा. इंग्रजी नावाच्या गाण्याचे शेवटचे अक्षर कोणते यावर वाद झाला, तर यंत्रातले काना (हिरागाना-काताकाना) वाचन अंतिम मानावे, म्हणजे कोणाला वाईट वाटत नाही.

‘रु’च्या डावाबद्दल माझे मत ओसाकावासींपेक्षा थोडे वेगळे आहे. तोंडी शिरितोरीत असा मारा करणे हा खेळाचाच भाग असतो, परंतु कराओकेत अडलेला माणूस हातात मायक्रोफोन घेऊन सगळ्यांसमोर उभा असतो. वरिष्ठांची पाळी आपल्यानंतर असेल, तर त्यांच्या तरुणपणच्या एखाद्या गाण्याकडे नेणारे अक्षर द्यावे. ‘त्सु’ दिलात तर सायुरी इशिकावा यांचे ‘त्सुगारु काइक्यो फुयुगेशिकि’ (१९७७) ते स्वतःहून लावतील, आणि ‘त्सु’ देण्यासाठी ‘सदर्न ऑल स्टार्स’चे ‘मानात्सु नो काजित्सु’ (१९९०) उत्तम आहे. पुढे आपल्यावरच ‘त्सु’ आला, तर ‘त्सुबासा ओ कुदासाई’ म्हणा. ते शाळाशाळांतून समूहगीत म्हणून शिकवले जाते, त्यामुळे दुसऱ्याच ओळीपासून सगळी खोली आपल्याबरोबर गाऊ लागते.

कांजीची काळजी करू नका, कारण पडद्यावर कांजीच्या डोक्यावर फुरिगाना, म्हणजे तिचा उच्चार बारीक अक्षरांत, येतो. अडचण वेगाची असते. ‘योरु नि काकेरु’ वाचत म्हणणे नवख्याला जमत नाही, तर हिबारी मिसोरा यांचे ‘कावा नो नागारे नो यो नि’ (१९८९) किंवा ‘नागोरियुकि’ म्हणताना पुढची ओळ वाचायला पुरेसा अवकाश मिळतो. एक गाणे साधारण चार-पाच मिनिटांचे असते आणि खोली तासांच्या हिशेबाने मिळते. म्हणून प्रत्येकाने पहिले कडवे आणि ध्रुवपदच म्हणावे, असे आधीच सुचवून ठेवा. तसे केल्यास प्रत्येकाला अधिक वेळा पाळी मिळेल.