बहिणीला गर्भपातासाठी साथ देणे योग्य ठरेल का?

प्रश्न

माझी धाकटी बहीण ३१ वर्षांची आहे. तिचे दुसरे बाळ दहा महिन्यांचे असून ते अजून अंगावर पिते. या बाळंतपणानंतर तिला नैराश्याने ग्रासले आणि त्यावरचे उपचार अद्याप चालू आहेत. पाळी परत आलीच नसल्याने पुन्हा दिवस गेल्याचे कोणाच्या लक्षात आले नाही. सोनोग्राफीत एकदम सतरा आठवडे निघाले. बाळ रडू लागले की ती आतल्या खोलीत जाऊन कडी लावून घेते आणि सासूबाई बाळाला कडेवर घेऊन दाराबाहेर उभ्या राहतात, हे मी स्वतः पाहिले आहे. हे मूल नको, असे तिने स्पष्ट सांगितले आहे. तिचे यजमान तिच्या बाजूने आहेत. सासूबाई मात्र म्हणतात की गर्भात जीव आहे, हे पाप घरात नको. त्या दुष्ट नाहीत. नातवाला आजवर त्यांनीच सांभाळले. एका रुग्णालयाने पतीची सही आणल्याशिवाय पुढे काही करणार नाही असे सांगितले. आमची आई हयात नाही, म्हणून बहीण माझ्याकडे पाहते आहे.

प्रतिसाद १

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, म्हणून आधी वेळेविषयी लिहिते. १९७१ च्या गर्भपात कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरते. त्यापुढे २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांचे मत लागते आणि ती मुभा ठरावीक परिस्थितीतील स्त्रियांनाच आहे. आईच्या मानसिक आरोग्यास गंभीर इजा होण्याचा धोका हे कायद्याला मान्य असलेले कारण आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरेशी असते, पतीची सही कायदा मागत नाही. मात्र मानसिक आजारात पालकाच्या संमतीचा मुद्दा निघू शकतो, त्यामुळे तिला निर्णय पूर्ण समजतो आहे असे पत्र तिच्या मानसोपचारतज्ज्ञांकडून आजच घ्यावे. दुकानातून गोळ्या आणून घरी घेणे या टप्प्यावर जिवावर बेतू शकते. लिंगनिदानाविरुद्धचा कायदा वेगळा आहे. त्याच्या धाकाने काही डॉक्टर कायदेशीर गर्भपातही टाळतात आणि त्यात बाईचे मोलाचे दिवस वाया जातात.

प्रतिसाद २

जवळजवळ असेच प्रकरण ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. दोन मुलांची आई, प्रसूतीनंतरच्या मानसिक आजारावर औषधे चालू, स्तनपानामुळे पाळी नाही, आणि गर्भ २६ आठवड्यांचा. ९ ऑक्टोबरला परवानगी मिळाली; नंतर एम्सच्या डॉक्टरांनी गर्भ जगण्याची शक्यता असल्याचे कळवले, दोन न्यायाधीशांत मतभेद झाला आणि १६ ऑक्टोबरला तीन न्यायाधीशांच्या पीठाने परवानगी नाकारली. त्या स्त्रीचे दुःख तुमच्या बहिणीच्या दुःखापेक्षा कमी नव्हते, फक्त आठवडे पुढे गेले होते. म्हणून घरातील सर्वांचे एकमत होईपर्यंत थांबणे हाही एक निर्णयच आहे, आणि तो बहिणीच्या वतीने दुसऱ्यांनी घेतलेला असेल.

प्रतिसाद ३

मी देवधर्म मानणारी बाई आहे आणि गर्भाला काहीच मोल नाही असे मला कधीही म्हणता येणार नाही. तरीही सासूबाईंचा प्रश्न अपुरा वाटतो, कारण त्यात पोटातल्या जिवाचा विचार आहे, पण कडी लावून बसलेल्या जिवाचा आणि तिच्या दोन लेकरांचा नाही. आजारातून अजून बाहेर न आलेल्या आईवर आणखी एक बाळंतपण लादून जे पुण्य मिळवायचे, त्याची किंमत तिने एकटीने का मोजावी? मला एकच शंका वाटते, ती नैराश्याच्या भरात बोलत नाही ना. त्यासाठी तिच्या डॉक्टरांनी तिला एकटीला बसवून, घरातले कोणीही समोर नसताना, दोनदा तरी विचारावे. उत्तर तेच आले तर तुम्ही निःशंक मनाने तिच्यासोबत जावे. सासूबाईंशी यजमानांनीच बोलावे, बहिणीला त्या बोलण्यात ओढू नये. पुढील गर्भनिरोधनाविषयीही त्याच भेटीत डॉक्टरांना विचारून घ्या, कारण अंगावर पाजण्याचा भरवसा पहिल्या सहा महिन्यांपुरताच, तोही बाळ केवळ आईच्या दुधावर असेल आणि पाळी आलेली नसेल तरच असतो.