गाडीच्या आतल्या सफाईसाठी स्टीम क्लीनर: बार बघायचे, वॅट बघायचे की टाकी?

नवा_डिटेलर
गाड्यांच्या इंटिरियर डिटेलिंगचं काम लहान प्रमाणात सुरू करतोय. दिवसाला एखादी गाडी, फार तर दोन. तीन पर्याय समोर आहेत:

१) हातात धरायचं मशीन, १००० वॅट, २५० मिली टाकी.
२) चाकांवरचं, १५०० वॅट, १.५ लिटर बॉयलर, ४ बार दाब.
३) दोन टाक्यांचं, चालू असतानाच पाणी भरता येणारं, ३००० वॅट, ६ बार.

शिवाय गाडीच्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारीही मशीन्स दिसली. प्रत्येक जाहिरातीत बार आणि तापमान ठळक छापलेलं असतं. नेमकं काय बघून निवडायचं? आणि वाफेचं मशीन घेतलं तर सीट धुण्याचं, म्हणजे पाणी फवारून ते मळासकट ओढून घेणारं, एक्स्ट्रॅक्शन मशीन टाळता येईल का?

वाफारा
बार नंतर बघा, आधी मिनिटाला किती ग्रॅम वाफ मिळते ते बघा. तो आकडा वॅटवरून कागदावर काढता येतो.

२५ अंशांचं १ किलो पाणी उकळीपर्यंत न्यायला साधारण ३१५ किलोज्यूल लागतात आणि त्याची वाफ व्हायला आणखी २२५७. म्हणजे खरा खर्च तापवण्यात नाही, अप्रकट उष्म्यात, म्हणजे उकळत्या पाण्याची वाफ करण्यात आहे. त्या हिशेबाने सलग मिळणारी वाफ अशी येते: १००० वॅटला मिनिटाला सुमारे २३ ग्रॅम, १५०० ला ३५, ३००० ला ७०. यापेक्षा मोठा आकडा छापला असेल तर तो ट्रिगर दाबल्यावरच्या पहिल्या काही सेकंदांचा समजा. बॉयलरमध्ये साठलेल्या उष्णतेमुळे सुरुवातीला जोर येतो, पण तो साठा तुटपुंजा असतो. १ लिटर पाणी ४ बारवरून ३ बारवर उतरताना जेमतेम १५-२० ग्रॅम वाफ जास्तीची देतं. पुढे सगळा भार पाणी तापवणाऱ्या कॉइलवर.

१२ व्होल्टवाल्यांचा निकाल इथेच लागतो. सॉकेटचा फ्यूज १५ अँपिअरचा धरला तरी १८० वॅट मिळतात, म्हणजे मिनिटाला ४ ग्रॅम. त्यात एसीची एक जाळीही धड निघत नाही. इन्व्हर्टर लावून मोठं मशीन चालवायचा विचार असेल तर १५०० वॅटला बॅटरीतून १२५ अँपिअर ओढावे लागतील. तो विषय सोडून द्या.

बार आणि तापमान या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. बंद बॉयलरमध्ये दाब ठरला की तापमान ठरलं: ४ बारला सुमारे १५२ अंश, ६ बारला १६५. त्यामुळे "४ बार, १८० अंश" असं छापलेलं दिसलं तर दोन्हीपैकी एक आकडा हवेतला आहे, किंवा कॉइलचं तापमान वाफेचं म्हणून खपवलंय. आणि ही सगळी बॉयलरच्या आतली मापं. नोझलमधून बाहेर पडली की वाफ वातावरणाच्या दाबाला येते, भोवतालची हवा ओढून घेते आणि काही सेंटिमीटरमध्येच झपाट्याने निवते. ४ आणि ६ बारमधला फरक तापमानापेक्षा फटीतला कचरा उडवण्याच्या जोरात जाणवतो. इंटिरियरला ४ बार पुरतात.

वाफ कोरडी आहे का हे मात्र मशीन चालवूनच कळतं. पूर्ण दाब आल्यावर पहिली १०-१५ सेकंदं वाफ बादलीत सोडा, कारण थंड पाइपमध्ये वाफेचं पाणी होतं आणि तेच आधी बाहेर येतं. मग नोझलच्या तोंडाशी नीट बघा. तोंडाला लागून थोडी जागा रिकामी, पारदर्शक दिसली पाहिजे. ती खरी वाफ. पुढचा पांढरा ढग म्हणजे थेंब झालेलं पाणी. तोंडातूनच पिचकाऱ्या उडत असतील तर ती ओली वाफ. मग १५ सेंटिमीटरवरून गडद रंगाच्या कोरड्या फडक्यावर ३ सेकंद सोडा. फडकं दमट झालं तर ठीक, पाणी निथळलं तर मशीन नको. फक्त त्याआधी टाकी खुणेच्या वर भरलेली नाही ना, ते बघा. पाण्यावर मोकळी जागा उरली नाही की चांगलं मशीनही थुंकतं.

तुमच्या तीन पर्यायांबद्दल:

पहिला: २५० मिली म्हणजे सलग दहा-अकरा मिनिटं. भरलेलं मशीन मनगटावर तोलून डॅशबोर्डच्या कोपऱ्यात शिरायचं आणि तिरकं केलं की बऱ्याचदा पाणी ओकतं. घरच्या गाडीला चालेल, धंद्याला नाही.

दुसरा: दिवसाला एक गाडी असेल तर हाच. १.५ लिटर पूर्ण सोडलं तर चाळीसेक मिनिटं पुरतं आणि एका गाडीत ट्रिगर प्रत्यक्ष दाबलेला काळ साधारण तेवढाच असतो. खोड एकच: मध्येच पाणी संपलं तर मशीन बंद करा, ट्रिगर दाबून उरलेला दाब काढा, निवू द्या आणि मगच झाकण. कुकरचं झाकण दाब असताना उघडत नाही, तसंच हे. तापलेल्या बॉयलरमध्ये थंड पाणी एकदम ओतलं तर ते उसळून तोंडावर येतं, म्हणून नरसाळ्याने थोडं थोडं. पुन्हा पूर्ण दाब यायला ९-१० मिनिटं. म्हणजे एका भरणीत वीस मिनिटं जातात.

तिसरा: रोज दोन गाड्या नक्की असतील तर घ्या. पंप थंड पाणी बॉयलरमध्ये ढकलतो तेव्हा दाब क्षणभर पडतो. हा दोष नाही, दोन सेकंद थांबलं की झालं. पण ३००० वॅटला वायरिंग आणि सॉकेट तेवढ्या ताकदीचं हवं. एक्स्टेन्शन वापरणार असाल तर जाड वायरचं, आणि रीळ पूर्ण उलगडून. गुंडाळलेली वायर तापून वितळते.

एक गोष्ट तिन्हींत तपासा: वाफ कमी-जास्त करायची चावी. ती नसेल तर मशीन कितीही भारी असो, गाडीच्या आत नेऊ नका. निम्मं काम मंद वाफेचं असतं.

बोनेटखाली
वरच्या हिशेबाला हरकत नाही, पण एक्स्ट्रॅक्शनचा प्रश्न राहिला. उत्तर: टाळता येणार नाही. उलट कापडी सीटच्या गाड्या जास्त येणार असतील तर आधी एक्स्ट्रॅक्शन मशीन घ्या, वाफेचं नंतर.

वाफ मळ सोडवते, उचलत नाही. उचलतं ते फडकं. प्लास्टिकवर हे जमतं, कारण मळ वरच असतो. सीटमध्ये तो कापडातून फोममध्ये उतरलेला असतो. वरून वाफ मारून पुसलं की सीट लखलखीत दिसते आणि वाळताना फोममधला मळ ओलाव्याबरोबर वर चढतो. दुसऱ्या दिवशी डागाच्या जागी तपकिरी कडेचं वर्तुळ. गिऱ्हाईक म्हणणार, डाग वाढवून दिला.

दोन्ही असतील तर क्रम असा: आधी कोरडा व्हॅक्यूम, नीट. धूळ तशीच ठेवून वाफ मारली की चिखल होतो आणि शिवणीत जाऊन बसतो. मग १:१० पातळ केलेला क्लीनर, मऊ ब्रशने घासून ३-४ मिनिटं. वाळू द्यायचा नाही. मग मायक्रोफायबर चढवलेल्या हेडने मंद वाफ, हेड सतत फिरतं ठेवून. शेवटी साधं पाणी फवारून एक्स्ट्रॅक्शन आणि त्यावर पाणी न सोडता दोन-तीन कोरडे फेरे. या कोरड्या फेऱ्यांचा बहुतेकांना कंटाळा असतो आणि वास तिथूनच सुरू होतो.

रक्त, दूध, अंडं, उलटी यांवर आधी वाफ अजिबात नको. उष्णतेने प्रथिनं गोठतात आणि धाग्याला धरून बसतात. थंड पाणी, मग एन्झाइमचा क्लीनर, त्याला बाटलीवर लिहिलेला वेळ द्या, उपसा, आणि गरज वाटली तरच वाफ. एन्झाइम लावून लगेच वाफ मारली तर एन्झाइमच मरतं.

शिवण_आणि_चामडं
मशीन कोणतंही घ्या, वाफ कुठे मारायची नाही हे आधी पाठ करा.

छताचं कापड. ते पातळ फोमवर गोंदाने चिकटवलेलं असतं. थेट वाफेने गोंद सुटतो, कापड लोंबतं, आणि मग पूर्ण छत उतरवून नवं कापड लावण्यावाचून इलाज नाही. तिथे वाफ फडक्याला द्या, फडक्याने टिपा. घासू नका.

स्क्रीन, मीटरची काच, बटणांच्या पट्ट्या, विंडो स्विच: वाफ नाहीच. आत शिरलेली वाफ सर्किटवर निवून पाणी होते. चकचकीत काळ्या प्लास्टिकवर वाफेपेक्षा फडक्याचे ओरखडे जास्त उठतात, तिथेही नको.

सीटखाली पिवळे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅग आणि बेल्टच्या प्रीटेन्शनरचे (धडकेच्या वेळी बेल्ट ताणणारा भाग). त्या भागात फक्त व्हॅक्यूम आणि दमट फडकं. पुढच्या सीटच्या बैठकीत बसणाऱ्याचा सेन्सर असू शकतो, तिथे पाणी मुरू देऊ नका.

चामडं. गाड्यांमधल्या बहुतेक चामड्यावर रंगाचा आणि पॉलियुरेथेनचा थर असतो. थर शाबूत असेल तर हेडवर दुमडलेलं मायक्रोफायबर, वाफ अगदी मंद, एका जागी दोन सेकंदांपेक्षा जास्त नाही आणि लगेच कोरडं फडकं. थराला तडे गेले असतील तर वाफ तड्यांतून खाली उतरते, चामडं वाळताना आकसतं, कडक होतं. बारीक भोकांच्या सीटला वाफ नकोच, खाली फोम आणि काही गाड्यांत पंखे असतात. अल्कंटारासारख्या मऊ लवेच्या कापडालाही थेट वाफ नको, लव चपटी होते.

एसीच्या जाळ्या हे मात्र वाफेचं खरं काम. पंखा बंद, बारीक नोझल, नायलॉनचा गोल ब्रश, मंद वाफ, ४-५ सेंटिमीटर अंतर. दुसऱ्या हातातलं फडकं जाळीला लागूनच असावं, सुटलेली धूळ त्यातच यायला हवी. नोझल एका पात्यावर रोखून धरू नका. जाळीचं एबीएस प्लास्टिक साधारण १०० अंशांच्या पुढे मऊ पडतं आणि पातळ पातं वाकलं की सरळ होत नाही. मशीनबरोबर पितळी ब्रश येतो, तो डब्यातच राहू द्या.

सीटबेल्ट पूर्ण ओढून वर क्लिपने अडकवा. खाली फडकं, वरून मंद वाफ, एकाच दिशेने पुसत न्या, मग उलटी बाजू. पूर्ण वाळल्याशिवाय आत जाऊ देऊ नका. बकलमध्ये वाफ सोडू नका.

काच फार गार असेल तर एका ठिकाणी वाफ रोखू नका, बारीक तडा असेल तर तो पुढे धावतो. मागच्या काचेवरच्या हीटरच्या रेघा त्यांच्याच दिशेने पुसायच्या, आडव्या नाहीत.

आणि "९९ टक्के जंतू मरतात" हे गिऱ्हाइकाला सांगू नका. जंतू मरायला पृष्ठभाग तेवढा तापून तेवढा वेळ तसा राहावा लागतो. तुम्ही हेड फिरवत नेता तेव्हा तो वेळ मिळत नाही, आणि रोखून धरलं तर प्लास्टिक जातं.

नवा_डिटेलर
मग दुसरा पर्याय आणि सोबत एक्स्ट्रॅक्शन. आणखी दोन शंका. पाणी डिस्टिल्डच वापरायचं का? आणि टाकीत थोडा क्लीनर किंवा सुगंध घातला तर वास जाईल का?

वाफारा
टाकीत पाण्याशिवाय काहीही नाही. क्लीनरने बॉयलरमध्ये फेस होतो, फेस वाफेबरोबर पाइपमध्ये चढतो आणि मशीन थुंकायला लागतं. सुगंधी तेलाने वॉशर फुगतात. वासाचं म्हणाल तर सिगारेटचा किंवा कुबट वास बहुतेक वेळा केबिन फिल्टर, छत आणि ओल्या कार्पेटखालच्या फोममध्ये असतो. आधी फिल्टर बदला, पायाखालचे मॅट उचलून कार्पेट दाबून बघा. ओल लागली तर ती कुठून येते ते शोधायचं, त्यात वाफेची भर घालायची नाही.

पाण्याबद्दल: जड पाणी असेल तर क्षार सगळे आतच राहतात, वाफेबरोबर जात नाहीत. दर भरणीला थर वाढतो. डिस्टिल्ड चांगलं, पण आधी मशीनचं पुस्तक बघा. काही मशीन्स पाण्याची पातळी त्यातून वाहणाऱ्या विजेवरून ओळखतात. शुद्ध पाणी वीज जवळजवळ वाहूच देत नाही, त्यामुळे टाकी भरलेली असून "पाणी संपलं" असा दिवा लागतो. अशा मशीनला निम्मं नळाचं, निम्मं डिस्टिल्ड.

बोनेटखाली
थर काढायचा तर: मशीन पूर्ण गार, प्लग काढलेला. १ लिटर कोमट पाण्यात २० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड, अर्धा तास आत ठेवायचं, मधूनमधून हलवायचं. तापवायचं नाही, दाब तर मुळीच नाही. ओतून तीनदा साध्या पाण्याने विसळा आणि पुढच्या वेळी पहिली दोन मिनिटं वाफ बादलीत सोडा, नाहीतर सुटलेल्या पांढऱ्या खपल्या नोझलमध्ये अडकतात किंवा काळ्या डॅशबोर्डवर उडतात. बॉयलर अ‍ॅल्युमिनियमचा असेल तर आम्ल त्यालाही खातं. तिथे कंपनीने सुचवलेलंच द्रावण वापरा. निवडताना स्टीलचा बॉयलर मिळत असेल तर तोच घ्या.

हातात धरायच्या मशीनमध्ये बऱ्याचदा बॉयलर नसतो, तापलेल्या ठोकळ्यातून पाणी बारीक नळीने जातं. ती नळी क्षाराने लवकर तुंबते.

शिवण_आणि_चामडं
खरेदीच्या यादीत फडकी लिहायची राहिली. एका गाडीला १२-१५ मायक्रोफायबर लागतात. फडकं चार घड्यांचं करा, बाजू मळली की उलटा, आठही बाजू संपल्या की नवं. मळलेल्या फडक्याने वाफेतला मळ नुसता इकडचा तिकडे होतो. त्याशिवाय नोझलच्या जोडाचे दोन-चार ओ-रिंग (रबरी कड्या) जास्तीचे आणि मनगटापर्यंतचे उष्णतारोधक हातमोजे. पाइप किमान २ मीटर हवा, म्हणजे मशीन गाडीबाहेर राहतं आणि मागच्या सीटपर्यंत हात पोचतो.

काम चालू असताना दोन्ही बाजूंची दारं उघडी ठेवा. नंतर इंजिन चालू करायला मोकळी जागा असेल तर एसी चालू, बाहेरची हवा आत घेणारी खटकी उघडी, अर्धा तास. एक्स्ट्रॅक्शन केलेल्या सीटला पंखा लावूनही ४-६ तास धरा, दमट हवेत जास्त. बैठकीच्या शिवणीत कोरडा टिश्यू दाबून बघा. ओला निघाला तर गाडी त्या दिवशी परत देऊ नका.