नोकरी, तीन वर्षांची मुलगी आणि राज्यसेवा: आठवड्याचे तास बसवायचे कसे?

आंबेमोहर
तहसील कार्यालयात महसूल सहायक आहे. वेळ ९:४५ ते ६:१५, शनिवार-रविवार सुट्टी. एसटीने जायला ४० मिनिटं, यायला ४०. मुलगी तीन वर्षांची. सासूबाई घरी असतात, पण गुडघेदुखीमुळे तिच्या मागे धावणं त्यांना होत नाही. नवऱ्याची एमआयडीसीत पाळीची ड्युटी, दर आठवड्याला पाळी बदलते. राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेला साधारण अकरा महिने आहेत असं धरून चालले आहे.
जो तो रोज सहा-आठ तास अभ्यास सांगतो. ते या घरात बसत नाही. खरोखर किती तास निघतील, कुठल्या वेळी काय वाचावं आणि घरच्यांचं रोजचं काही न तोडता हे कसं करावं, एवढं नीट कुणी सांगेल का?

डोंगरवाट
ताई, आधी बेरीज करा, वेळापत्रक नंतर. आठवड्याचे तास १६८. त्यातून कार्यालयाचे साडेबेचाळीस, एसटीचे पावणेसात, सात तास झोपेचे ४९ काढा. स्वयंपाक, मुलगी आणि घरकाम रोज चार तास धरले तर २८. आंघोळ, जेवण, आवराआवर यांना रोज दीड तास, म्हणजे साडेदहा. उरतात साधारण ३१. पण ते सलग नसतात. दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे सोडून दिले की पुस्तक उघडून बसता येईल असे १८ ते २० तास हाती येतात. हाच तुमचा आकडा. रोजचे सहा तास लिहून ठेवले, तर तिसऱ्या दिवशी मागे पडल्यासारखं वाटतं आणि आठव्या दिवशी वही बंद होते.

आता वर्षाचे आठवडे. ५२ धरू नका. महसुलात मार्चअखेरची वसुली असते, पावसाळ्यात अतिवृष्टीचे पंचनामे, अधिवेशन सुरू झालं की तारांकित प्रश्नांची उत्तरं आजच्या आज मागतात, निवडणूक लागली तर संध्याकाळच राहत नाही. त्यात गणपती, दिवाळी, घरातलं लग्नकार्य, मुलीचा ताप. हे सगळं मिळून वर्षाचे दहा-अकरा आठवडे जातात. तुमच्या अकरा महिन्यांतले ४७ आठवडे धरले तर हाती ३७ राहतात. गुणिले २० म्हणजे ७४० तास. अभ्यासक्रम या ७४० तासांत बसवायचा आहे.

कशाला किती द्यायचं ते पेपर बघून ठरवा. पूर्वच्या पहिल्या पेपरात १०० प्रश्न, २०० गुण, दोन तास. दुसऱ्यात, म्हणजे उतारे-गणित-बुद्धिमत्तेच्या पेपरात, ८० प्रश्न, २०० गुण, वेळ तेवढाच, पण तिथे फक्त ३३ टक्के लागतात, म्हणजे ६६ गुण. एक प्रश्न अडीच गुणांचा, चुकला तर त्या अडीचचा पाव भाग कापला जातो, म्हणजे ०.६२५. ३२ बरोबर आणि १२ चूक आले तरी ८० वजा साडेसात, साडेबहात्तर गुण होतात. म्हणून दुसऱ्या पेपराला रोज वेळ देऊ नका. आठवड्यातून एकदा दीड तास, घड्याळ लावून, उताऱ्यांपासून सुरुवात. मात्र गणित दहावीनंतर सुटलं असेल तर पहिले दोन महिने हा वेळ दुप्पट करा. पहिल्या पेपरात भरपूर गुण आणि दुसऱ्यात ६४, असं झालं तर पहिल्याचे गुण मोजलेही जात नाहीत.

बाकीच्यात राज्यघटना आणि अर्थव्यवस्था डोकं ताजं असतानाच्या वेळेला. इतिहास-भूगोलासाठी बालभारतीची शालेय पुस्तकं थकलेल्या वेळीही वाचून होतात. एसटीत नवीन काही वाचू नका, हलत्या गाडीत ते राहत नाही. मागच्या वर्षांचे प्रश्न सोडवा, ४० मिनिटांत २५ होतात.

रोज पहाटे ५:१० ते ६:४० हा दीड तास पक्का करा आणि रात्री दहाला झोपा.

काळीमाती
हिशोब पटला, पण शेवटचं वाक्य या घराला लागू नाही. तीन वर्षांचं मूल आई उठली की उठतं. आणि नवऱ्याची पाळी बदलत असेल तर वेळही पाळीप्रमाणे बदलायला हवी.

पहिल्या पाळीत ते पहाटे घाईत असतात, पण चार वाजेपर्यंत घरी येतात. त्या आठवड्यात तुमचा अभ्यास संध्याकाळी साडेसात ते नऊ. मुलगी, तिचं जेवण आणि झोपवणं त्यांच्याकडे.
दुसऱ्या पाळीत ते रात्री उशिरा येतात, पण पहाटे घरात असतात. त्या आठवड्यात पहाटेचा दीड तास तुमचा. त्यांची झोप अपुरी होते, म्हणून मुलीला आदल्या रात्रीपासूनच त्यांच्या बाजूला झोपवा. ती जागी झाली तर थोपटायला हात जवळ असतो, कुणाला उठावं लागत नाही.
तिसऱ्या पाळीत ते सकाळी येऊन झोपतात. पहाटे कुणीच नाही, पण रात्री दहापर्यंत ते असतात. पुन्हा साडेसात ते नऊ.

म्हणजे तीन वेळापत्रकं. तीन कागदांवर लिहून कपाटाच्या दाराला आतून लावा आणि रविवारी रात्री त्या आठवड्याचा कागद वर घ्या. उठण्याच्या वेळेत तासाभरापेक्षा जास्त फरक पडू देऊ नका, नाहीतर पाळी बदलली की पहिले दोन दिवस पेंगण्यात जातात.

असे सोमवार ते शुक्रवार साडेसात तास झाले. झोपण्याआधी दिवसाची अर्धा तास उजळणी, ते अडीच. शनिवारी पाच तास, पण घरात नाही. गावातलं सार्वजनिक ग्रंथालय किंवा अभ्यासिका गाठा, आठ ते एक. पुस्तक घेऊन घरात बसलेल्या आईला दर दहा मिनिटांनी हाक येते, आणि तुटलेला धागा जुळायला प्रत्येक वेळी पाच-सात मिनिटं जातात. रविवारी सकाळी दोन तास, त्यात फक्त सराव चाचणी आणि तिची तपासणी. त्यानंतर दिवसभर पुस्तक नाही. एसटीच्या पावणेसातातले तीन तास धरा. बरोबर वीस होतात.

एक वही जवळ ठेवा, चुकलेल्या प्रश्नांची. पानाला तीन रकाने: प्रश्नाचा विषय, मी काय समजले होते, खरं काय. प्रश्न पूर्ण उतरवू नका. उदाहरणार्थ, "राज्यपालांचा अध्यादेश / मुदत सहा महिने धरली / अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवडे." झाली नोंद. हे पान तिसऱ्या, सातव्या आणि एकविसाव्या दिवशी बघायचं, वरच्या कोपऱ्यात तारखा आधीच टाकून ठेवा. परीक्षेच्या आठवड्यात वाचायला याच्याइतकं उपयोगी दुसरं काही नसतं, कारण यात फक्त तुमच्या चुका असतात.

टेलिग्रामच्या गटांपैकी एक ठेवा, बाकीचे आजच सोडा. चालू घडामोडींच्या पीडीएफ उतरवून ठेवणं म्हणजे वाचणं नाही.

तुळशीपत्र
घराकडचं लिहिते, कारण वेळापत्रक बहुतेक वेळा तिथे मोडतं.

"मला मदत करा" असं घरात मोघम सांगू नका. त्याला सगळे हो म्हणतात आणि काहीच बदलत नाही. काम नाव घेऊन सोपवा. पहिल्या आणि तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात रात्रीचा वरण-भाताचा कुकर नवऱ्याचा. भाजी निवडणं, लसूण सोलणं, मुलीला गोष्ट सांगणं हे बसून होतं, ते सासूबाईंना आनंदाने जमेल. आणि एकदा सोपवलं की त्यात चुका काढू नका. भात थोडा मऊ झाला तर होऊ दे.

रविवारी दुपारी तासभर आठवड्याची तयारी केलीत तर रोजची ३०-४० मिनिटं वाचतात. कांदा-खोबऱ्याचं वाटण भाजून, थंड करून, कमीत कमी पाण्यात वाटा आणि तीन दिवसांपुरतं डब्यात भरा. पाणी जास्त झालं की ते लवकर आंबतं. उरलेलं बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवा, एका भाजीला दोन-तीन वड्या पुरतात. दाण्याचं कूट आठवडाभराचं एकदम करा. पालेभाजी निवडून ठेवा, पण धुऊ नका, कोरड्या कापडात गुंडाळा. कणीक रात्री मळायची तर वरून तेलाचा हात फिरवून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि सकाळीच संपवा, नंतर ती काळी पडते.

मुलीसाठी: कामावरून आल्यावर पहिला अर्धा तास पूर्ण तिचा. फोन कपाटात, भाजी फोडणीला टाकता टाकता नाही, जमिनीवर बसून. दिवसभर आई दिसलेली नसते. हा अर्धा तास मिळाला तर ती बाबांकडे सहज जाते, नाही मिळाला तर साडेसातला दाराशी रडते आणि तुमचा दीड तास जातो.

आंबेमोहर
पाळीप्रमाणे वेळ बदलायची हे सुचलंच नव्हतं, आज रात्री तिघं बसून कागद करतो. दोन प्रश्न उरले. मुख्य परीक्षा आता वर्णनात्मक आहे, तिचं लिखाण पूर्व होईपर्यंत बाजूला ठेवू का? आणि परीक्षेआधी रजा किती घ्यावी?

डोंगरवाट
पहाटेचं मागे घेतो, पाळीचा मुद्दा बरोबर आहे.

लिखाण बाजूला ठेवू नका. तीन तासांत २५० गुणांचा पेपर, म्हणजे दहा गुणांच्या उत्तराला जेमतेम सात मिनिटं. दिवसभर संगणकावर काम करणाऱ्याचा हात एवढा वेळ चालत नाही, तासाभरात अंगठा आणि मनगट भरून येतं, अक्षर बिघडतं. ती सवय पूर्वनंतरच्या थोड्या महिन्यांत लागत नाही. शनिवारच्या पाच तासांतली शेवटची ३० मिनिटं द्या: आठवड्यात वाचलेल्या विषयावरचे तीन प्रश्न, प्रत्येकी सात मिनिटं, १५० शब्द, आणि उरलेल्या वेळात तपासणी. पूर्वच्या आधीचे दोन महिने मात्र हे थांबवा.

रजेचं असं. किरकोळ रजा वर्षाला आठच, त्या मुलीच्या आजारपणाला राखा. अर्जित रजा १ जानेवारीला १५ आणि १ जुलैला १५ जमा होतात. पूर्वपरीक्षा रविवारी असेल तर त्याआधीचे दोन आठवडे सोमवार ते शुक्रवार मागा. मधला शनिवार-रविवार धरून १२ दिवस खर्ची पडतात, पण मागचा-पुढचा शनिवार-रविवार जोडून घ्यायची परवानगी अर्जातच मागितलीत तर १६ दिवस सलग मिळतात, शेवटचा दिवस परीक्षेचा. अर्ज दीड महिना आधी द्या, आणि त्या दिवसांत तुमचं टेबल कोण बघणार त्या सहकाऱ्याशी आधी बोलून अर्जात तसं लिहा. रजा बहुतेक वेळा तिथेच अडते.